स्क्रूवरची हिरवी रेघ

आई,

काल माळा रिकामा करताना बंदूक खाली काढली. सापडली असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. ती कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं त्या कोपऱ्याकडे हात नेला नव्हता, एवढंच. आमची दहिसरची इमारत पाडून नवी बांधणार आहेत, तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं आहे, म्हणून मी घरभर खोकी मांडून बसले आहे. त्यातल्या एका खोक्यावर तुझ्या जुन्या सुती पातळात गुंडाळलेली ती लांबट वस्तू ठेवली आणि नाडीची गाठ सोडायला घेतली. गाठ तुझीच. दोन वेढे, मग एक उलटा, मग टोक आत खोचलेलं. सोडवता सोडवता माझं नख तुटलं आणि मी मोठ्याने म्हटलं, "बाई गं, काय ही गाठ!" घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. मग आत पाहिलं, आणि जे दिसलं त्यामुळे लिहायला बसले आहे. काय दिसलं ते सांगते, पण क्रमाने. मधूनच सुरू केलेलं बोलणं तुला कधी आवडलं नाही.

तू मरोळच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतीस. लोकांना सांगितलं की आई इन्स्पेक्टर आहे, तर त्यांना तू पोलिसात आहेस असं वाटायचं, आणि मीही त्यांना तसं वाटू द्यायचे. गॅसच्या शेगडीला लागणारे पितळी कॉक बनायचे तिथे. ते ढिगाने तुझ्या टेबलावर यायचे. तू एकेक उचलून मापाला लावायचीस, पाण्यात बुडवून आत हवा सोडायचीस. बुडबुडा आला तर तो लाल खोक्यात जायचा, नाही आला तर काडीएवढ्या ब्रशने त्याच्या बुडाला हिरवा ठिपका. प्रत्येक बाईचा रंग वेगळा होता. निळा, पिवळा, आणि हिरवा तुझा. बाबांची गिरणी संपात बंद पडली आणि ते गावी कलमं सांभाळायला निघून गेले, तेव्हापासून अंधेरीच्या आपल्या दोन खोल्या त्या हिरव्या ठिपक्यावरच चालत होत्या.

दसऱ्याला तुमच्याकडे मशिनांची पूजा असायची आणि घरच्यांना आत येऊ द्यायचे. एकदा तुझ्या टेबलावर झेंडूच्या फुलांशेजारी मी एक लांबट वही उघडली. परत आलेल्या मालाची वही. गिऱ्हाइकाकडून कॉक परत आला की त्याच्या बुडाचा ठिपका बघायचा, ज्या बाईचा रंग असेल तिने स्वतःच्या हाताने तो ब्लेडने खरवडायचा आणि वहीत 'कारण' या रकान्यात का परत आला ते लिहायचं, असा नियम होता. मी हिरव्याची पानं शोधली. सगळ्या वर्षांत मिळून दोनच नोंदी. "दोनच!" मी कौतुकाने म्हटलं. तू वही माझ्या हातातून घेऊन मिटलीस. म्हणालीस, "दोन घरांत गॅस गळलो. दोनच कसले?"

घरीही तू ड्युटीवरच असायचीस. नारळ कानाशी हलवल्याशिवाय आत यायचा नाही. भाजीवालीच्या टोपलीतली वांगी तू उन्हाकडे धरून बघायचीस, आणि ती बिचारी म्हणायची, "ताई, वांगीच हायेत, सोनं नाय." मी शाळेतून फ्रॉकची निघालेली शिवण घेऊन आले आणि म्हटलं की चालेल, पिन लावते, की तुझं डोकं फिरायचं. चालेल हा शब्द आपल्या घरात शिवीसारखा होता. एरवी तू मुंबईच्या मराठीत बोलायचीस, पण चिडलीस की थेट गावच्या बोलीत शिरायचीस. "चलात म्हणजे काय गो? चलता काय नाय, ता सांग!" मधलं काही तुला मान्यच नव्हतं. आणि छान, सुंदर, शाब्बास असले शब्द मी तुझ्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. एखादी गोष्ट तुझ्या मनासारखी असली की तू म्हणायचीस, ओके. तेही क्वचित. माझ्या वाट्याला तर नाहीच. दहावीचा निकाल हातात घेऊन तू आधी बेरीज तपासलीस.

अकरावीत मी कॉलेजच्या नेमबाजीच्या क्लबात शिरले ते निव्वळ मैत्रिणीच्या नादाने. मैत्रीण आठवड्यात कंटाळली आणि मी राहिले. सर लष्करातून निवृत्त झालेले, मिशा पिळलेल्या, आवाज असा की पोरी आपोआप ताठ व्हायच्या. छऱ्याच्या बंदुका, दहा मीटरवर कागदाचं निशाण. मला ते फार आवडलं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, नळीच्या टोकावरची माशी काळ्या वर्तुळाखाली टेकवायची, आणि मग चाप ओढायचा नाही, नुसता दाबत जायचा. त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नसायचं. सरांचा एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. सामना चालू असताना त्यांना विचारल्याशिवाय बंदुकीचा नेम सरकवायच्या स्क्रूला कुणी हात लावायचा नाही. "एक छर्रा बाहेर गेला तर चूक तुमची. स्क्रू फिरवलात तर पुढचे सगळे जातील. ज्याने फिरवला त्याने दुसऱ्या दिवशी यायचं नाही." दोघांना त्यांनी असं घालवलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत.

जिल्ह्याच्या संघासाठी चार मुली निवडायच्या होत्या. सर मला म्हणाले, तुझा नंबर लागू शकतो, पण क्लबच्या बंदुका म्हाताऱ्या झाल्यात, स्वतःची नवी घे. मी घरी येऊन हे सांगितलं आणि लगेच म्हटलं, नसली तरी राहू दे. त्याच महिन्यात तुझी भिशी लागली होती आणि त्यात मिक्सर यायचा होता. पाटा-वरवंट्याने तुझा खांदा धरला होता. तू चटणी वाटत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "नवी बंदूक तपासतात कशी?" मला काय ठाऊक. "मग सरांना विचारून ये," म्हणालीस. मिक्सरचं नावही काढलं नाहीस. मी सरांना विचारलं, त्यांनी कागदावर पाच-सहा गोष्टी लिहून दिल्या, आणि तू तो कागद चार दिवस पोळपाटाखाली ठेवून पाठ केलास.

घाटकोपरच्या त्या दुकानात आपण गेलो तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. तू इस्त्रीची साडी नेसली आहेस, हातात कापडी पिशवी आहे, पिशवीत तुझं भिंग, केसांतली पिन, आणि दोऱ्याला बांधलेला एक नट. शेठ गादीवर बसलेला. त्याला वाटतंय की बाई वाट चुकून आली आहे. "बेन, भांड्याचा दुकान बाजूला." तू म्हणतेस, "छऱ्याची बंदूक दाखवा. खालून लिव्हर असलेली. नवीन." तो माझ्याकडे बघतो, मी जमिनीकडे. मग आतून एक लांब खोकं येतं. मी बंदूक बघूनच खूश, चकचकीत दस्ता, काळी नळी. माझं "चालेल" अगदी ओठांवर आलं होतं. तू ती आडवी हातावर घेतलीस, दारातल्या उजेडात नेलीस आणि दस्त्यावरून बोट फिरवत गेलीस. एका जागी बोट थांबलं. केसांतली पिन काढून तू तिथे टोचलीस आणि पिन अर्धी आत गेली. चीर होती, आत लांबीचा लगदा भरून वरून पॉलिश मारलं होतं. "लाकूड फुटलेलं आहे," तू म्हणालीस. शेठ म्हणाला, "अरे बेन, ते तर डिझाइन हाय."

दुसरी बंदूक दिसायला ठीक होती. तू लिव्हर खाली ओढलीस, परत वर नेलीस आणि डोळे मिटलेस. परत एकदा. मग मला म्हणालीस, "ऐक." मी ऐकलं. लिव्हर बसताना टक-टक असा दुहेरी आवाज होत होता. "एकच टक यायला हवा. दोन आले म्हणजे खाच सैल आहे. आज बसते, सहा महिन्यांनी बोट चिरडेल." शेठ आता गादीवरून उठला होता. "बेन, ही छऱ्याची बंदूक हाय, विमान नाय! फॅक्टरीमधून असाच येते सगळा माल." त्यावर तू त्याला जे म्हणालीस ते मी पुढे माझ्या वर्गातल्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं. "शेठ, फॅक्टरीतून तसाच येतो म्हणूनच तर मला पगार मिळतो."

त्या दिवशी दुकानात दोनच होत्या. आपण परत आलो. मला रडू येत होतं आणि तुझा राग येत होता. बस साकीनाक्याला आली तेव्हा म्हटलं, "सगळ्यांना चालते, तुलाच कशी चालत नाही?" तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "सगळ्यांची पोर नाय ना ती धरणार." मी तेव्हा हे ऐकलं आणि नाक उडवलं.

पुढच्या सुट्टीला परत गेलो. शेठने नवा माल मागवला होता. तिसरी बंदूक तू स्टुलावर शिकंज्यात धरावी तशी दोन पुस्तकांत उभी दाबलीस, दाराच्या कडीला नट बांधलेला दोरा सोडलास आणि एक डोळा मिटून बघत राहिलीस, गवंडी ओळंबा बघतो तशी. नळीच्या टोकावरची माशी केसभर डावीकडे कलली होती. मला काही दिसेना. शेठनेही वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, आणि मग हळूच म्हणाला, "साला, वाकडाच हाय." त्या क्षणापासून तो तुझ्या बाजूचा झाला. चहा आला, तुला खुर्ची आली. चौथी बंदूक तू जवळजवळ तासभर तपासलीस. पिन, भिंग, दोरा. लिव्हर ओढलीस, डोळे मिटलेस. टक. एकच. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "ओके." आई, खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बंदुकीचा हेवा वाटला.

आपण निघालो तर शेठ म्हणतो, "बेन, राहिलेले पण बघून द्या ना." आणि तू पदर खोचून बसलीस की! राहिलेल्या तीन तपासून दोन बाजूंना लावल्यास. या खराब बंदुकांचं काय करू, असं त्याने विचारल्यावर म्हणालीस, "परत पाठवा. कारण लिहून." येताना बसमध्ये कंडक्टरने चादरीत गुंडाळलेल्या वस्तूकडे बोट केलं. "काय आहे त्यात?" "बंदूक," तू तिकिटासाठी हात पुढे करत म्हणालीस. मागचे दोघे उठून पुढे गेले आणि आपल्याला बसायला जागा मिळाली. तू हसली नाहीस, पण तुझा खांदा माझ्या खांद्याला लागून हलत होता.

कारखान्यातला रंगाचा थेंबही तू कधी घरी आणला नसतास. म्हणून कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या गाडीवरून हिरवं नेलपॉलिश आणलंस. गाडीवाला म्हणाला, "आंटी, लाल घ्या, हिरवा कोण लावतं?" दसऱ्याच्या सकाळी पाटावर तुझं भिंग आणि माझी बंदूक शेजारी शेजारी मांडलीस. दस्त्याच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक हिरवा ठिपका दिलास. मग मागच्या नेमाच्या स्क्रूवर, स्क्रूच्या डोक्यापासून खालच्या लोखंडापर्यंत, एक बारीक सरळ रेघ ओढलीस. "ही कशाला?" "स्क्रू हलला की रेघ तुटते. मग कळतं." खाचेत रंग जाऊ नये म्हणून तू रेघ बाजूने वळवली होतीस. खाच भरली तर पुढच्या माणसाला स्क्रू सोडवता येत नाही, असं समजावलंस. मी तेव्हा पूर्ण ऐकलंही नसेल, पण लक्षात राहिलं.

निवडीचा दिवस. मुलुंडच्या एका शाळेचं सभागृह. तू अर्धी सुट्टी घेऊन आलीस. माझ्या माहितीत तुझी पहिलीच. शेवटच्या बाकावर बसलीस, मांडीवर कापडी पिशवी. चाळीस छर्रे मारायचे होते आणि पहिले एकवीस असे गेले की शेजारची मुलगी स्वतःचं सोडून माझ्या कागदाकडे बघू लागली. बाविसाव्याला मागे कुठे तरी बाक सरकला आणि मी चाप दाबायच्या ऐवजी ओढला. छर्रा डावीकडे गेला. एकच. सरांनी हजारदा सांगितलं होतं की चूक तुमची. पण माझ्या मनात आलं, नेम सरकला असेल. सर दुसऱ्या टोकाला होते. माझ्या खिशात पाच पैशाचं नाणं होतं, ॲल्युमिनियमचं चौकोनी. त्याचा कोपरा मी स्क्रूच्या खाचेत घातला आणि स्क्रू उजवीकडे दोनदा फिरवला. हिरवी रेघ तुटली ती मी पाहिली. पुढचा छर्रा पार उजवीकडे. मग घाबरून एकदा डावीकडे फिरवला. त्यानंतर कशाचाच कशाला मेळ राहिला नाही. चार मुली निवडल्या त्यांत मी नव्हते. सहावी होते.

सरांनी निकालाचा कागद बघितला. भुवया वर गेल्या. "एकवीसपर्यंत अशी आणि पुढे अशी? उद्या बंदूक आण, बघू." मी मान हलवली. घरी येऊन हातपाय धुतलेस, दिवा लावलास, आणि मग बंदूक मांडीवर घेऊन भिंग डोळ्याला लावलंस.

"तुझो हात हललो काय गो?"

"नाही. बंदूकच सरकली. नेम आपोआप फिरला."

"स्क्रूक हात लावलंस?"

"नाही म्हटलं ना!"

तू भिंग डोळ्यावरून काढलं नाहीस. शेजारच्यांच्या रेडिओवरच्या बातम्या सुरू होऊन संपल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आता ही ओरडेल, आता ओरडेल, असं वाटत होतं. खरं तर तू ओरडावंस असंच वाटत होतं. तू भिंग घडीच्या रुमालात ठेवलंस. म्हणालीस, "मगे माझीच चूक. पास मीच केलंय." आणि बाबांचं जुनं ब्लेड घेऊन दस्त्याखालचा हिरवा ठिपका खरवडून काढलास. वहीतल्या त्या दोन नोंदींनंतरची ही तिसरी. मी बघत होते, आई. तू कढी गरम केलीस, मी जेवले, आणि मला झोपही लागली.

पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी अर्धवट जाग आली तेव्हा घरात नेलपॉलिशचा वास येत होता. मला वाटलं, बाटली सांडली असेल. उठले तर तू बंदूक पातळात गुंडाळून, गाठ मारून तयार. म्हणालीस, "मीच येते सरांना दाखवून, पहिल्या पाळीच्या आधी." संध्याकाळी परत आलीस तेव्हा बंदूक तशीच गुंडाळलेली होती. "सर काय म्हणाले?" "काय नाय. पीस खराब निघाला म्हणून सांगितलं, पोरीची चूक नाही म्हटलं. क्लबच्या बंदुकीवर ये म्हणालेत." आणि स्टुलावर चढून तिला माळ्यावर टाकलंस. मी बारावी होईपर्यंत क्लबच्या म्हाताऱ्या बंदुकीवर खेळले. सर माझ्याशी नेहमीसारखेच वागले. ती गाठ पुन्हा कुणी सोडली नाही.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. तू माझ्यासाठी काही तपासून देईनाशी झालीस. कॉलेजसाठी कापड घ्यायला गेलो तर म्हणायचीस, "तूच बघ." नोकरीचा कागद आला, "तूच बघ." मुलगा बघायला आला तेव्हासुद्धा, सगळे तुझ्याकडे बघत असताना, "तिचा तीच बघेल." इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझ्या थापेने तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मी खोटं बोलले आणि माझ्या आईची नजर गेली, असं. हे मनात घेऊन मी पोरांचे पेपर तपासले, संसार केला, तुझं आजारपण काढलं. हॉस्पिटलात सलाईनच्या बाटलीकडे बोट करून तू म्हणालीस, "थेंब बरोबर पडतात काय, बघ." मी बघितलं, म्हटलं, "ओके आहे." तू डोळे मिटलेस. तेव्हा सांगायला हवं होतं. नर्स आत आली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ही लाज वेगळी.

आता काल काय दिसलं ते. गाठ सुटली, पातळ बाजूला केलं, चष्मा लावला. ठिपक्याच्या जागी ब्लेडचे ओरखडे आहेत. लिव्हर ओढली, वॉशर वाळून हवा गेली आहे, पण मिटताना अजून टक, एकच. मग स्क्रू पाहिला. तुटलेली रेघ बघायची माझी तयारी होती. रेघ नव्हती. स्क्रूचं अख्खं डोकं हिरवं होतं आणि खाच नेलपॉलिशने काठोकाठ भरलेली. तू, जी खाचेत रंगाचा कण जाऊ द्यायची नाहीस. मी टाचणी घेतली आणि कोपऱ्यातला जरासा रंग उचकटला. खाली काळ्या लोखंडावर पाच पैशाच्या नाण्याची चंदेरी खूण, तशीच्या तशी, घासलेली.

म्हणजे भिंगातून तुला ते दिसलं होतं. वीस वर्षं बुडबुडे शोधणाऱ्या बाईला ती चमक दिसणार नाही असं मला वाटलंच कसं? माझा सबंध जन्म पेपर तपासण्यात गेला. कॉपी केलेलं उत्तर मला पहिल्या ओळीत कळतं. तरी तुझ्याबाबतीत मी हे कधी ताडून पाहिलं नाही, कारण तुझी नजर गेली असं मानणं मला सोपं होतं. सरांनी तो स्क्रू पाहिला असता तर दुसऱ्या दिवसापासून मला येऊ नको म्हणाले असते. म्हणून तू पहाटे उठलीस, नाण्याची खूण बुजवलीस आणि चांगल्या बंदुकीला खराब म्हणालीस, स्वतःच्या रंगावर बट्टा घेऊन. सबंध आयुष्यात तू एकच सदोष पीस जाणूनबुजून पास केलास, आणि तो मी होते. "तूच बघ" म्हणायचीस ते मग का, हे आता थोडं कळतंय. वाट बघत होतीस ना, की मी बघेन आणि येऊन सांगेन? थोडं रागावून आणि पुष्कळ मायेने, तुझ्या पद्धतीने. आणि मी, मठ्ठ, तुझ्या डोळ्यांची कीव करत बसले.

हे पत्र कुठे टाकणार? पातळातच ठेवते आहे, दस्त्याजवळ. बंदूक भाड्याच्या घरात माझ्याबरोबर येईल, टेम्पोत मांडीवर, अंधेरीहून इथे येताना तू घेतली होतीस तशी. गाठ मात्र तुझ्यासारखी येईना. तीनदा बांधून तीनदा सोडली. चालेल म्हणणार होते, मग पुन्हा बांधायला घेतली. हिरवं नेलपॉलिश आज पोरींकडे सर्रास असतं, शेजारणीच्या मुलीने विचारल्याबरोबर दिलं. बाटली समोर आहे, पण ठिपका मी लावलेला नाही. तो रंग तुझा, तो तूच लावायचा. माझ्या हातात फक्त 'कारण' लिहिणं आहे. वहीत तू कारण कधी एका ओळीहून मोठं लिहिलं नाहीस, आणि मी एवढी पानं भरली. एका ओळीत लिहायचं तर, बंदूक चांगली होती, आई. स्क्रू मी फिरवला.